मेनूवरचा ‘जैन’ आणि आपला जैन



गेल्या पंधरवड्यात आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर सर्वांत जास्त मेसेज कशाचे आले असतील? महासतीजींच्या विहाराचे नाहीत, आयंबिलाच्या ओळीचे तर नाहीतच. श्रीगोंद्यात पिझ्झा-बर्गरची मोठी कंपनी येणार, अशी कुठून तरी बातमी आली आणि त्यावर दोन दिवसांत दीडशे मेसेज पडले. जागा कोणती, भाडे किती, उद्घाटनाला काय फुकट मिळणार, इथपर्यंत चर्चा गेली. बातमी खरी की खोटी, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. अशी बातमी आपल्याकडे वर्षातून दोनदा तरी येते. पण आनंद मात्र खरा होता, आणि मला लिहायचे आहे ते त्या आनंदाबद्दल.

त्याला नावे ठेवायला मी बसलेली नाही. आपण तालुक्याच्या गावात राहतो. ऊस, लिंबू, काष्टीचा बैलबाजार, शेख महंमद महाराजांचे स्थान, एवढी आपली ओळख. पुण्याची नणंद आली की मुले तिच्या मुलांपुढे गप्प बसतात, कारण ‘तुमच्याकडे अमुक नाही?’ हा प्रश्न ठरलेला असतो. तो लाल-पिवळा फलक लागला म्हणजे आपले गावही कुणाच्या तरी नकाशावर आले, असे मुलांना वाटते. मुंबईलाही असेच वाटले होते. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये मॅकडोनल्ड्सचे पहिले दुकान दिल्लीत वसंत विहारला आणि त्याच महिन्यात मुंबईत वांद्र्याच्या लिंकिंग रोडला उघडले. माझ्या माहेरचे एक काका तेव्हा मुंबईला कापडाच्या खरेदीसाठी जात. त्यांनी येताना त्या दुकानाचा कागदी ग्लास आणला होता. नुसता रिकामा ग्लास! तो आमच्या शोकेसमध्ये कितीतरी दिवस होता. मग आज आपल्या मुली उड्या मारतात तर त्यांना कोणत्या तोंडाने हसायचे?

त्या वेळची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. जगभर गोमांसाचा बर्गर विकणारी ती कंपनी इथे आली तेव्हा तिने गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही सोडले. शाकाहारी पदार्थांचे स्वयंपाकघर वेगळे केले, तिथल्या मुलांना हिरवे एप्रन दिले, अंड्याशिवायचे मेयोनीज बनवून घेतले, बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर काढला. हे काही तिने पुण्य म्हणून केले नाही. इथले गिऱ्हाईक विचारणार, हे तिला माहीत होते. पुढे २०१३ मध्ये अहमदाबादच्या पालडी भागात सबवेने पूर्ण शाकाहारी दुकान काढले आणि त्यात जैन पदार्थांचा वेगळा काउंटर ठेवला. पालडी म्हणजे आपल्याच लोकांची वस्ती. तिथल्या बायकांनी विचारले असेल, म्हणून मिळाले. विचारणाऱ्यापुढे एवढ्या मोठ्या कंपन्या वाकतात, आणि आपण काउंटरवर उभ्या राहिलो की आपल्याच तोंडाला कुलूप लागते.

माझेच सांगते. मागच्या डिसेंबरात दोन्ही पुतण्यांना घेऊन नगरला गेले होते. (अहिल्यानगर झाले हो, पण जीभ अजून नगरच म्हणते.) एकीचा वाढदिवस होता. अशाच एका साखळी दुकानात गेलो. कोणत्या, ते राहू द्या. दुकानातली माणसे चांगली होती, तक्रार काही नाही. काउंटरवरच्या मुलीने आडनाव ऐकले आणि आपणहून विचारले, “ताई, जैन करू का?” खरे सांगते, मला इतके बरे वाटले! जणू कोणी ओळखून पाटावर बसवले. मी लगेच हो म्हणाले. मग सवयीने विचारले, “जैन म्हणजे काय काय काढता?” ती म्हणाली, “कांदा-लसूण, ताई.” मी म्हटले, “बटाटा? आणि चीज कशाचे?” बटाट्याचे तिने सांगितले. चीजचे तिला माहीत नव्हते. ती आत जाऊन पाकीट घेऊन आली. मी चष्मा शोधायला लागले. मागे रांग. धाकटी पुतणी माझा पदर ओढून हळूच म्हणाली, “काकी, चला ना, लोक बघतायत.”

मी पाकीट वाचले. हिरवा ठिपका होता, ‘मायक्रोबियल’ असे लिहिलेले होते. आम्ही खाल्ले, चांगले लागले. पण ‘लोक बघतायत’ हे शब्द आजही कानात आहेत. तिला लाज बर्गर खाण्याची वाटली नाही, विचारण्याची वाटली. आणि ही लाज तिला कोणी शिकवली? आपणच. लग्नाच्या पंगतीत ‘यात जमीकंद आहे का’ असे सासूबाईंनी विचारले की आपणच डोळे मोठे करतो ना?

आता चीजबद्दल थोडे सविस्तर, कारण हा प्रकार आपल्या पोटात जातोय आणि आपल्या आजीच्या नियमांत त्याचे नावच नव्हते. दूध फाडून त्याचे चीज करायला एक विरजणासारखा पदार्थ लागतो, त्याला रेनेट म्हणतात. जुन्या युरोपी पद्धतीत तो कत्तल केलेल्या वासराच्या जठरातून काढतात. आज भारतात मिळणारे बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचे असते. अमूलच्या वेष्टनावर तसे छापलेलेच आहे. आपल्या कायद्याप्रमाणे वासराचे रेनेट असेल तर त्यावर हिरवा ठिपका चालत नाही. म्हणजे इथल्या हिरव्या ठिपक्याने ही एक काळजी बऱ्याच अंशी मिटते. परदेशी चीज, किंवा मुलगा अमेरिकेहून आणतो ते, यांची मात्र मिटत नाही.

पण हिरवा ठिपका म्हणजे आपला धर्म नव्हे. मध त्या ठिपक्यात बसतो. बटाटा, गाजर, बीट, आले सगळे बसते. खमीर बसते. अंडे बसत नाही, एवढेच समाधान. त्या ठिपक्याला अनंतकाय माहीत नाही, तिथी माहीत नाही आणि सूर्य कधी मावळला हे तर नाहीच नाही.

आपल्या नगरमध्येच घडलेले चीजचे प्रकरण आठवतेय? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या मॅकडोनल्ड्सची तपासणी केली. काही पदार्थांत चीजऐवजी चीजसारखा दुसरा पदार्थ वापरला आणि गिऱ्हाइकाला ते नीट सांगितले नाही, असा ठपका ठेवून परवाना निलंबित केला. २०२४ च्या फेब्रुवारीत ही बातमी देशभर झाली. काही पदार्थांच्या नावांतून चीज हा शब्दही निघाला. कंपनीचे म्हणणे पहिल्यापासून एकच होते, आम्ही खरे चीजच वापरतो. आणि पुढे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तपासणीतही तेच सिद्ध झाल्याचे तिने जाहीर केले.

तेव्हा आपल्या घराघरांत काय बोलणे झाले? खरे की खोटे, एवढेच. फसवणूक झाली का, पैसे खऱ्याचे घेऊन खोटे दिले का. हा प्रश्न योग्यच, अचौर्य व्रत आपल्यालाही आहे आणि दुकानदारालाही असायला हवे. पण माझ्या सासूबाई पेपर वाचून म्हणाल्या, “तेलाचे असेल तर बरेच की. दुधाचे असेल तर मला आधी विचारावे लागेल ते कशाने फाडले.” मी हसले आणि मग गप्प झाले. सगळा देश ‘खरे आहे ना?’ विचारत होता, आणि घरातली ऐंशी वर्षांची बाई म्हणत होती की खरे असेल तर माझे प्रश्न वाढतात. जैन घराने विचारायचा प्रश्न हा होता, आणि आमच्या ग्रुपवरच्या एवढ्या मेसेजांत तो एकीनेही विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

असेच अमेरिकेतही झाले होते. मॅकडोनल्ड्सच्या तिथल्या फ्रेंच फ्राइज वनस्पती तेलात तळलेल्या म्हणून तिथले हिंदू आणि शाकाहारी लोक वर्षानुवर्षे खात राहिले. चवीसाठी त्यात गोमांसाचा अंश घातला जातो, हे २००१ मध्ये उघड झाले. कोर्टकचेरी झाली, कंपनीला माफी मागावी लागली आणि २००२ मध्ये एक कोटी डॉलर द्यायचे कबूल करावे लागले. (भारतातल्या फ्राइजमध्ये तसे काही नाही, हे कंपनीने तेव्हाच सांगितले होते.) त्या लोकांनी तेल विचारले होते, वास विचारला नव्हता.

म्हणून मला खटकतो तो मेनूवरचा ‘जैन’ हा शब्द. तो आला की आपण विवेकाची किल्ली काउंटरवर ठेवून मोकळ्या होतो. रात्री साडेनऊला मागवलेला ‘जैन पिझ्झा’ कोणत्या हिशेबाने जैन? आपल्याकडे मिठाईलासुद्धा काळ आहे, हिवाळ्यात महिना, उन्हाळ्यात वीस दिवस, पावसाळ्यात पंधरा. तो बर्फातला पाव कधीचा, हे आपण विचारत नाही, कारण वर ‘जैन’ लिहिलेय. कंपनीचा यात दोष नाही. तिने कांदा-लसूण काढले आणि आपल्या मागणीएवढे दिले. आपली मागणीच तेवढी लहान झाली आहे.

इथे काही भगिनी म्हणतील, मग जाऊच नका ना! सोपे आहे, घरी करा. या ‘घरी करा’वर मला जरा बोलायचे आहे, राग आला तरी चालेल. चौविहार पाळणाऱ्या घरात संध्याकाळचे जेवण सूर्यास्ताच्या आत लागते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास जातो. म्हणजे चार वाजता गॅस पेटतो. दुकानातून पुरुष येतात, जेवतात, परत जातात. मुले क्लासमधून आली की त्यांचे वेगळे. ज्यांचा नियम नाही त्यांचे रात्री परत. पर्युषणात पारणे, एकासन, कुणाचे आयंबिल, एका घरात चार ताटे चार प्रकारची. हे सगळे करणारी सून रविवारी ‘बाहेर जाऊ या’ म्हणाली तर तिला जिभेचे लाड हवेत असे समजू नका. तिला एक संध्याकाळ ओट्यापासून सुटका हवी असते. नव्या दुकानाच्या बातमीवर सर्वांत आधी बदाम पाठवणाऱ्या पंचविशी-तिशीच्या सुना होत्या, हे मी पाहिले आहे. ज्यांना घरात बर्गर नको त्यांनी त्या दिवशी चार वाजता स्वतः कणीक भिजवावी. व्याख्यानात धर्म ऐकायचा आणि घरी सगळा धर्म सुनेच्या हाताने पाळायचा, हे मला पटत नाही.

आणि आपल्या धर्माने ‘नाही’ एवढेच म्हटले आहे कुठे? श्रावकाच्या बारा व्रतांतले सातवे व्रत आपण रोज प्रतिक्रमणात म्हणतो, उपभोग-परिभोग परिमाण. त्यात सव्वीस बोल आहेत. अंग पुसायच्या वस्त्रापासून दातण, फळ, भात, भाजी, पाणी, मुखवासापर्यंत एकेक वस्तू घेऊन मर्यादा बांधायची. परिमाण म्हणजे माप. ज्याने हे सव्वीस बोल सांगितले त्याला माणूस खाणार-पिणार, सजणार हे पूर्ण ठाऊक होते. आपण ते भराभर म्हणून टाकतो आणि ‘मिच्छामि दुक्कडं’ करून मोकळ्या होतो. त्यात बाहेरच्या खाण्याचे माप घालायला कोणी अडवले आहे?

आमच्या घरी मी ते घातले आहे. महिन्यातून दोनदा, सूर्यास्ताआधी, चातुर्मासात नाही, अष्टमी-चतुर्दशीला नाही. रात्रीची डिलिव्हरी नाही, मग कितीही सूट असो. माझे यजमान पहिल्या महिन्यात तिसऱ्यांदा विचारून बसले, मुलांनी नाही. मोठी पुतणी तर आता पक्की हिशेबनीस झाली आहे. तिने मोबाईलमध्ये यादीच केली आहे: चीज कशाचे, मेयोनीजमध्ये काय, तळणाचे तेल वेगळे आहे का, चाकू-कटर वेगळा आहे का, सॉसमध्ये मध किंवा लसूण आहे का. जायच्या आधी दुपारी फोन करून ती स्वतः विचारते. समोरचा कधी वैतागतो, कधी नीट सांगतो. एकाने तर ‘मॅडम, हे मलाही बघायला लागेल’ म्हणून अर्ध्या तासाने परत फोन केला.

श्रीगोंद्यातले ते दुकान खरेच आले तर पहिल्या आठवड्यात मी जाणार आहे. दुपारी साडेतीनला, गर्दी व्हायच्या आत. मंडळातल्या कोणाला यायचे असेल तर कळवा. सासूबाई म्हणाल्या, खाणार काही नाही, पण पाकीट मला वाचून दाखवा, म्हणून त्याही येणार आहेत. धाकटीला विचारले, लोक बघतील, चालेल का? ती म्हणाली, आजी असेल तर बघू दे.