नदीला पाणी चढलं म्हणजे पाऊस झालाच का?

भोर आणि वेल्हे या तालुक्यांतल्या एखाद्या मुला-मुलीने बारावीनंतर तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र घेऊन पदवी करावी, असं कोणी सुचवलं की चार उत्तरं हमखास येतात. पोटाला काय मिळणार? खेड्यातल्या पोरांना हे झेपेल का? आपल्याकडे कीर्तन-प्रवचनात तत्त्वज्ञान आहेच, ते वेगळं शिकायचं कशाला? आणि चौथं, जे आईबाप खालच्या आवाजात सांगतात: असलं शिकून पोरं उलटं बोलायला लागतात. ही उत्तरं देणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. त्यांत शिक्षक आहेत, संस्थाचालक आहेत, पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवणारे शेतकरी आहेत. म्हणून त्यांची बोळवण करून चालणार नाही. आधी पूर्वपक्ष पुरता मांडायचा, समोरच्याला वाटलं पाहिजे की माझं म्हणणं यालाही कळलंय, आणि मग तो खोडायचा, ही आपल्या शास्त्रकारांची रीत. तीच इथे पाळतो.

पोटाचा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे. शेत तुकड्यातुकड्यांचं, भाताचं एक पीक, घरातला एक जण शिरवळच्या कंपनीत कंत्राटावर. अशा घराने मुलाला किंवा मुलीला तीन-चार वर्षं कॉलेजात ठेवायचं तर शेवटी हातात काय पडणार हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण त्या प्रश्नातून जो निष्कर्ष काढतात तो तपासून पाहा. तत्त्वज्ञान नको, कारण त्याने नोकरी मिळत नाही. मग इतिहासाने मिळते का? भूगोलाने, राज्यशास्त्राने, मराठीने? कला शाखेचा पदवीधर पोलीस भरतीला उतरतो, पुण्यात कॉट घेऊन एमपीएससीचा अभ्यास करतो किंवा खेड शिवापूर-शिरवळच्या पट्ट्यात कामाला लागतो. त्याचा विशेष विषय कोणता होता हे तिथे कोणी विचारत नाही. मग हा दाखला एकट्या तत्त्वज्ञानाविरुद्ध कसा चालेल? न्यायशास्त्रात अशा हेतूला, म्हणजे पुढे केलेल्या कारणाला, अनैकांतिक म्हणतात. जे सिद्ध करायचं तिथेही तो असतो आणि जिथे नको तिथेही असतो, म्हणून त्याने काहीच सिद्ध होत नाही. हा आक्षेप खरा धरला तर अख्खी कला शाखा बंद करावी लागेल, आणि ते तर आक्षेप घेणाऱ्यालाही नको आहे.

उलट जिथे परीक्षेचा प्रश्न येतो तिथे हा विषय मागे पडत नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, आणि २०१३पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका सगळ्यांनाच द्यावी लागते. पूर्वपरीक्षेत २०११पासून तर्काधारित प्रश्नांचा पेपर आहे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही बुद्धिमत्ता चाचणी असते. पण माझा भर यावर नाही. क्लासमध्ये शिकवतात ती युक्ती, उत्तर पटकन हेरण्याची. उत्तर का बरोबर आहे, हे विचारायला तिथे वेळ नसतो.

दुसरा आक्षेप मला जास्त लागतो, कारण तो मायेच्या भाषेत पोरांची कुवत ठरवून मोकळा होतो. अमूर्त विचार हे पुस्तकांच्या घरांतल्या, शहरातल्या मुलांचं काम, आपल्या पोरांना हाताने करायचं काहीतरी द्या, असं तो म्हणतो. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. भारतीय तर्कशास्त्राची उदाहरणं डोंगर, धूर, चूल, नदी, लोहाराची भट्टी यांतून आली आहेत. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त, जो नवशिक्यासाठीच लिहिला आहे, अनुमानाचं उदाहरण आहे ते हेच: डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. वेल्ह्याच्या डोंगरउतारावर पावसाआधी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तेव्हा खालच्या वाडीतला मुलगा धूर बघून कोणाच्या वावरात राब पेटला ते सांगतो. त्याने अनुमान केलंय. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन ही पाच पावलं त्याला फक्त उलगडून दाखवायची आहेत.

आता आषाढ येऊ द्या. तोरण्यावर ढग उतरतात, कड्याच्या कपारीतून पांढरं काहीतरी वर चढताना दिसतं. हा धूर की धुकं? बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने नेमका हाच संशय नोंदवला आहे. दिसतंय ते धूर आहे की वाफ याचीच खात्री नसेल तर त्यावरून आग आहे असं म्हणता येत नाही, तो हेतू संदिग्धासिद्ध. पुढचा प्रश्न असा की जिथे धूर तिथे आग हे मान्य केलं तर जिथे आग तिथे धूर हेही मान्य करायचं का? नाही. लोहाराकडचा लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा घ्या. आग आहे, धूर नाही. धूर येतो तो सरपण ओलं असेल तर. ही जी आड राहिलेली अट, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. राबावर ओला पालापाचोळा पडल्यावर धूर कसा दाटतो हे ज्या पोराने डोळे चोळत पाहिलंय, त्याला उपाधी एका तासात कळते. बंद वर्गात वाढलेल्याला ती पाठ करावी लागते.

नदीचं उदाहरण तर याहून सरस आहे. नदीला पाणी चढलं, म्हणजे वर पाऊस झाला, हे जुनं अनुमान. न्यायसूत्रांत त्यावर आक्षेप येतो की नदी पुढे कुठे अडली तरीही पाणी चढतं, मग या अनुमानावर विश्वास कसा ठेवायचा? उत्तर असं दिलं आहे की नुसतं पाणी चढणं हा हेतूच नाही. त्यावरच्या भाष्यात वात्स्यायन खुणा सांगतो: प्रवाहाला वेग हवा, पाण्यावर फेस हवा, फळं, पानं, लाकडं वाहून येताना दिसायला हवीत. असं पाणी असेल तरच वर पाऊस झाला म्हणा. दीड हजार वर्षांहून जुना हा वाद भोरच्या मुलासाठी आजचा आहे, कारण त्याचा मुलूख धरणांचा. वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा देवघर, तिकडे गुंजवणी, पानशेत. फुगवट्याचं पाणी कसं मुकाट्याने बांधावर चढतं, त्याला ना वेग ना फेस, आणि ओढ्याचं पहिलं गढूळ पाणी काटक्या-पाचोळा घेऊन कसं धडधडत येतं, यातला फरक त्याला सांगावा लागत नाही. सांगावं लागतं ते एवढंच की तू जो फरक करतोस त्याला शास्त्र आहे, आणि हीच पारख तुला वर्तमानपत्राच्या बातमीला, नेत्याच्या भाषणाला, मोबाइलवर आलेल्या मजकुराला लावता येते. योजना आली, मग भाव वाढला. म्हणून योजनेमुळे भाव वाढला, असं कोणी म्हणालं की फेस कुठे आहे, काटक्या कुठे आहेत, हे विचारायला शिकणं म्हणजेच तर्कशास्त्र शिकणं.

झेपत नाही म्हणणाऱ्यांना आणखी एक आठवण करून देतो. कराडजवळच्या टेंभूचा एक अत्यंत गरीब मुलगा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकला, एम.ए.ला त्याने इतिहास आणि तत्त्वज्ञान घेतलं, आणि आईला कळवलं की मोठ्या पगाराच्या मागे मी लागणार नाही. गोपाळ गणेश आगरकर पुढे काय झाले हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांनी मराठी वाक्याची चिरफाड करणारं ‘वाक्यमीमांसा’ हे पुस्तकही लिहिलं. एका आगरकरावरून प्रत्येक खेड्यातला मुलगा आगरकर होतो असं सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘खेड्यातल्या मुलाला झेपत नाही’ हे सरसकट विधान मोडायला एक उलट उदाहरण पुरतं.

कीर्तनाच्या आक्षेपाबद्दल मी आदरानेच बोलेन. या डोंगरांत वारी आहे, हरिनाम सप्ताह आहेत, निरक्षर आजीला ओव्या मुखोद्गत आहेत. पण ज्ञानेश्वरांकडेच बघा. ‘अमृतानुभवा’च्या दहा प्रकरणांतली तीन चक्क खंडनाची आहेत, शब्दखंडन, अज्ञानखंडन आणि ज्ञानखंडन. ज्यांना आपण माउली म्हणतो ते प्रतिपक्षाचं म्हणणं घेतात, त्याचे फाटे करतात आणि एकेक फाटा बंद करत जातात. तो ग्रंथ नीट वाचायचा तर वाचणाऱ्याला युक्तिवाद ओळखता यायला हवा. कीर्तनात श्रोत्याने मधे थांबवून ‘बुवा, हे यावरून कसं निघतं?’ असं विचारायचं नसतं, तिथली शिस्त वेगळी आहे. वर्गात मात्र हा प्रश्न विचारलाच पाहिजे. म्हणून कीर्तन आहे तेवढ्यावर वर्ग नको, हे काही त्यातून निघत नाही.

भोरहून मांढरदेवीचा घाट ओलांडला की वाई. त्या छोट्या गावात प्राज्ञपाठशाळा उभी राहिली, तिथे शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ पदवी मिळवली, तिथूनच मराठी विश्वकोश निघाला. लक्ष्मणशास्त्र्यांनंतर विश्वकोशाची धुरा ज्यांनी घेतली ते मे. पुं. रेगे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आकारिक तर्कशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिणारे. दुसरीकडे वरंधा घाट उतरलात तर महाड. तिथे १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी घेणारे डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसलेले होते. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, या बचावाला त्यांनी दिलेलं उत्तर, की ही श्रमिकांची विभागणी आहे, हे भेद पाडून प्रतिपक्ष खोडण्याचा नमुना म्हणून कुठल्याही वर्गात शिकवावं असं आहे. म्हणजे भोरच्या दोन्ही घाटांपलीकडे ही परंपरा आहे. मधल्या मुलांना ती परकी आहे असं कोणत्या आधारावर म्हणायचं?

राहिला उलटं बोलण्याचा आक्षेप. हा बहुतेक वेळा मुलींबद्दल असतो, म्हणून त्याकडे नीट पाहिलं पाहिजे. पुण्याची माणसं फार्महाउससाठी या तालुक्यांत जमिनी घेऊ लागल्यापासून घरोघरी कागद निघाले आहेत. वाटणी, फेरफार, हक्कसोडपत्र. बहिणीला सांगितलं जातं की सगळ्याच बहिणी सह्या करतात, तूही कर. २००५च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तिने तो ठेवावा की भावासाठी सोडावा हे तिनेच ठरवायचं आहे, आणि प्रेमाने सोडणाऱ्या बहिणीला मी नावं ठेवणार नाही. पण ‘सगळ्या करतात’ यावरून ‘तू केलं पाहिजेस’ हे निघत नाही. जे घडतं त्यावरून जे घडावं ते आपोआप सिद्ध होत नाही, हे डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात दाखवून दिलं आणि नीतिशास्त्राच्या वर्गात ते सुरुवातीलाच शिकवतात. हे शिकलेली मुलगी आदळआपट करणार नाही. ती एक प्रश्न विचारेल आणि उत्तर ऐकेपर्यंत सही थांबवेल. याला उलटं बोलणं म्हणणाऱ्याने आपल्याजवळ उत्तर आहे का, हे आधी बघावं.

सातबाऱ्याचंही असंच. नाव लागलं म्हणजे मालक, असं एक जण म्हणतो. सातबारा म्हणजे नुसता कागद, असं दुसरा. दोघेही चुकतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे नोंद खोटी म्हणणाऱ्यावर पुराव्याचा भार. गृहीतक, पुरावा, भार कोणावर, हे तर्कशास्त्राचे धडे आहेत आणि ते न शिकल्यामुळे भावाभावांत पिढ्या कोर्टात जातात. शिवाय भांडखोरपणाची भीती ज्यांना वाटते त्यांनी लक्षात घ्यावं की वाद, जल्प आणि वितंडा यांतला फरक याच शास्त्राने केला. सत्य शोधायला बोलतो तो वाद. जिंकायला बोलतो तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त मोडतो तो वितंडा. ग्रामसभेत आज ज्याची चलती आहे ते शेवटचं आहे.

फ्रान्समध्ये शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षी सामान्य आणि तंत्रशाखेच्या सगळ्या मुलांना तत्त्वज्ञान शिकावंच लागतं. त्यात शेतकऱ्यांची मुलंही आली. आपल्याकडे अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय आहे, बालभारतीचं पुस्तक आहे. तो शिकवण्याच्या पद्धतीवर मात्र माझी तक्रार आहे. सत्यता-कोष्टकं भरायची, नियमांची नावं घोकायची, गुण मिळवायचे. पाच-दहा चिन्हांच्या पलीकडे हे आपल्याशी बोलतंय, हे मुलांना कळतच नाही. अशा शिकवण्याला कोणी कंटाळवाणं म्हटलं तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

२०२४-२५पासून पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं आहे. त्यात विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचे खुले वैकल्पिक विषय घ्यावे लागतात आणि भारतीय ज्ञानप्रणालीचाही एक पेपर असतो. म्हणजे तत्त्वज्ञानाचा अख्खा विभाग काढायची वाट बघण्याचं कारण नाही. ज्ञानप्रणालीच्या तासांत नुसते प्राचीन गौरवाचे परिच्छेद वाचण्यापेक्षा अनुमान आणि हेत्वाभास, म्हणजे फसवे हेतू, शिकवावेत. वाणिज्य आणि विज्ञानाच्या मुलांसाठी तर्कशास्त्राचा खुला पेपर मराठीत ठेवावा. दे. द. वाडेकरांनी संपादलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ सालापासून उपलब्ध आहे, रेग्यांचं पुस्तक आहे, परिभाषा नाही ही सबब उरलेली नाही. शिकवणारे कोण, असा प्रश्न येईल. तत्त्वज्ञानात सेट-नेट होऊन पुण्यात तासिका तत्त्वावर राबणारी माणसं मला माहीत आहेत. भोर तिथून ५०-६० किलोमीटरवर आहे, आठवड्यातले दोन दिवस ती आनंदाने येतील. जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळेवर मानधन एवढं संस्थांनी मान्य करावं आणि जूनच्या प्रवेशाआधी माहितीपत्रकात हा पेपर छापावा.