घाम, पाऊस आणि चिकटवलेल्या पापण्या

मे महिन्यात दुपारी साडेबाराचा मुहूर्त धरायचा, मग नवरीला होमापाशी तास-दीड तास बसवायचं, आणि तिच्या डोळ्यांवर चिकटवलेल्या पापण्या रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत जागच्या हलू नयेत अशी अपेक्षा ठेवायची, हे जरा जास्तच होतं. घाम, होमाचा धूर आणि पाठवणीचं रडू यांतल्या कुठल्याही एकाला चांगला ग्लू दाद देत नाही. तिन्ही एकाच दुपारी आले, की नाकाकडच्या कोपऱ्यातून पट्टी उचकटायला लागते. मग करवली रुमालाने टिपते, नवरी बोटाने दाबते आणि फोटोग्राफर सगळ्यांना थांबवून ठेवतो.

लॅशेस लावूच नका, असं सांगायला मी बसलेली नाही. लग्नात, लावणीच्या मंचावर, ढोल-ताशा पथकात, कॉलेजच्या गॅदरिंगला मुली त्या लावतात आणि छान दिसतात. माझं म्हणणं इतकंच, की ट्यूबवर ‘वॉटरप्रूफ’ छापलंय म्हणून पाण्याचा विचार सोडून देऊ नका. कुठलं पाणी, किती वेळ आणि कुठल्या ग्लूवर, हे आधी ठरलं की निम्मा त्रास वाचतो.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक म्हणजे पट्टी. ती सकाळी लावायची आणि रात्री काढायची. तिचा ग्लू बहुधा लॅटेक्सचा किंवा त्याला पर्याय म्हणून आलेल्या चिकट द्रव्याचा असतो आणि ती कातडीवर चिकटते. दुसरा प्रकार एक्स्टेन्शनचा. पार्लरमध्ये आडवं झोपवून, डोळे मिटायला लावून, तुमच्या एकेका केसावर एकेक खोटा केस चिकटवतात. तिथे वापरतात तो सायनोअक्रिलेट, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातल्या झटपट चिकटणाऱ्या ग्लूचा नातेवाईक. दोन्हींचं पाण्याशी वागणं अगदी वेगळं आहे, त्यामुळे मैत्रिणीचा सल्ला ऐकण्याआधी ती कुठल्या प्रकाराबद्दल बोलतेय ते विचारून घ्या.

आधी पट्टीचं बघू. घामातलं पाणी तिला त्रास देतंच, पण खरा चोर तेल आहे. कपाळावरून उतरणाऱ्या घामासोबत कातडीचं तेल, सनस्क्रीन, क्रीम, सगळं पापणीच्या कडेपर्यंत येतं आणि ग्लू मऊ पडतो. ओठाच्या वरचा घाम आपण पटकन पुसतो, पापणीच्या मुळाशी साचलेला दिसत नाही. म्हणून लावण्याआधी पापणीची कड स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी. काजळ, मॉइश्चरायझर, आदल्या रात्रीचं खोबरेल, काहीही राहायला नको. ग्लू पट्टीला लावला की लगेच डोळ्याकडे नेऊ नका. अर्धा-पाऊण मिनिट थांबा, तो चिकट होऊ द्या. ओला ग्लू सरकतो आणि डोळ्यात उतरतो. घाईच्या घरात हे अर्धं मिनिटच कुणाला देता येत नाही. मेकअपवाली बाई मात्र मुद्दाम थांबते, तेव्हा तिच्यामागे लकडा लावू नका.

उन्हाळ्याच्या किंवा पावसाच्या कार्यक्रमाला जाड, झुपकेदार जोड घेऊ नका. पाणी पिऊन तो जड होतो आणि स्वतःच्या वजनाने खाली येतो. बारीक, लवचिक दोऱ्याचा आणि आखूड केसांचा जोड पापणीच्या वळणावर नीट बसतो. त्याहून बरं म्हणजे फक्त बाहेरच्या कोपऱ्याला लावायचा अर्धा तुकडा. अश्रू आतल्या कोपऱ्याशी साचतात आणि पट्टी सुटते तीही तिथूनच, मग तिथे ती नसलेलीच बरी. आखूड घ्या म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजून आणि हवेच्या झोतात प्रयोग करून दाखवलं, की पापणीच्या केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक-तृतीयांश असली, की डोळ्यावरचा ओलावा सगळ्यात कमी उडतो आणि धूळही कमी बसते. त्याहून लांब केस वारा उलट डोळ्याकडे वळवतात. स्कूटीवरून मंडपात जाणाऱ्या मुलींनी हे लक्षात ठेवावं.

आता हळद. आपल्याकडे हळदीत तेल असतं, नंतर आंघोळ असते, आणि हल्ली तर हळदीलाही पूर्ण मेकअप करून बसायची पद्धत पडली आहे. हळदीला पट्टी लावू नका. तेलाने ती सुटणार, पिवळी पडणार, आणि डोळ्यात हळद गेली की तुम्ही डोळा चोळणार. ज्यांना एक्स्टेन्शन करायचंय त्यांनी ते हळदीच्या आदल्या दिवशी करून घेऊ नये. चार-पाच दिवस आधी करा. डोळा लाल होतोय, पापणी सुजतेय असं वाटलं, तर ते काढून घ्यायलाही वेळ हातात राहतो. ग्लूची परीक्षा त्याहूनही आधी व्हायला हवी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक-दोन दिवस बघा. एकदा लावून काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी निर्धास्त राहू नका. ॲलर्जी दुसऱ्या-तिसऱ्या वापरालाही उद्भवते.

एक्स्टेन्शनचा ग्लू हवेतल्या ओलाव्यानेच वाळतो. त्यामुळे ओलावा थोडा हवा, फार नको. पावसाळ्यात मुंबईची हवा बऱ्याचदा ८० टक्क्यांहून जास्त दमट असते. अशा वेळी पार्लरच्या उघड्या खिडकीपाशी काम केलं तर ग्लू नको तितक्या घाईने घट्ट होतो, ठिसूळ पडतो, कधी पांढुरकाही दिसतो, आणि मग आठवड्याभरात केस गळायला लागतात. एप्रिलमधल्या नागपूरच्या कोरड्या हवेत उलट होतं, तो वाळायला वेळ लावतो. म्हणून अपॉइंटमेंट घेताना एसी चालू असतो का, ओलावा मोजायचं साधं यंत्र आहे का, हे विचारा. विचारायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत. काम झाल्यावर पहिले एक-दोन दिवस वाफ, गरम पाण्याची आंघोळ, जिम आणि पोहणं टाळायला सांगतात, ते ऐका.

पण इथेच एक मोठा घोळ होतो. पहिल्या दोन दिवसांची ही बंदी बऱ्याच जणी पुढचे चार आठवडे पाळतात. पाणी लागलं तर केस गळतील या भीतीने डोळे धुतच नाहीत. ओल्या कापडाने गाल पुसतात आणि पापणीला वळसा घालून जातात. घाम, पावडर, धूळ आणि कातडीचं तेल केसांच्या मुळाशी साचतं, तिथे जंतू वाढतात, पापणीच्या कडा लाल होतात, खाजतात, सकाळी खपल्या धरलेल्या असतात. डॉक्टर याला ब्लेफरायटिस म्हणतात. पाण्याने जितकं नुकसान झालं असतं त्याहून जास्त पाण्याला घाबरून होतं. पहिले दोन दिवस गेले की रोज धुवा. तेल नसलेला सौम्य क्लीन्सर, मऊ ब्रश, वरून खाली हलका हात, मग टिश्यूने टिपून घ्या. चोळू नका. घामाचं काम करणाऱ्यांनी, नाचणाऱ्यांनी, जिमला जाणाऱ्यांनी तर घरी आल्या आल्या धुवावं. यातून दोन-चार केस गेले तर जाऊ द्या. आपले स्वतःचे केसही काही आठवड्यांनी गळतात आणि चिकटवलेल्याला सोबत घेऊन जातात.

दहीहंडीला महिला पथकांवर पाण्याचे फवारे सोडतात, वर थर कोसळतात, हात-कोपर तोंडावर येतात. तिथे लॅशेस नकोतच. विसर्जन मिरवणुकीत तासन्तास ढोल बडवायचा असेल तर गुलाल ओल्या ग्लूवर बसून घट्ट होतो, तो रात्री निघता निघत नाही. मस्कारावर भागवा. रंगपंचमीलाही हेच. पोहायला जाताना पट्टी काढून जा आणि कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर तीही काढा, कारण लेन्स घालून पाण्यात उतरल्यास बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. गोव्याच्या किनाऱ्यावर लग्न करणाऱ्यांना एवढंच सांगते, फोटो आधी काढा आणि लाटांत नंतर शिरा. लेन्सचा क्रमही ध्यानात ठेवा: मेकअपच्या आधी घालायची आणि मेकअप उतरवण्याच्या आधी काढायची.

कार्यक्रम चालू असताना पट्टी सुटली तर? घाम आधी टिश्यूने टिपा, इयर बडने कड कोरडी करा, मग सुटलेल्या टोकाला थोडा ग्लू. ओल्या कातडीवर ग्लूचा थर चढवून काही होत नाही. आरसा नसेल तर दुसरीला करायला सांगा. आणि दोनदा चिकटवूनही सुटली, तर दोन्ही डोळ्यांच्या काढून डबीत ठेवा. एका डोळ्यावर लोंबकळणाऱ्या पट्टीपेक्षा साध्या डोळ्यांचा फोटो कितीतरी बरा येतो.

ग्लू टिकत नाही म्हणून जास्त जहाल काहीतरी शोधण्याचा मोह फार जुना आहे. १९१६ च्या ‘इन्टॉलरन्स’ या अमेरिकी मूकपटासाठी सीना ओवेन या नटीच्या डोळ्यांवर गंगावणवाल्याकडून करून घेतलेल्या पापण्या स्पिरिट गमने चिकटवल्या होत्या. तिचे डोळे सुजून जवळजवळ मिटले, असं तिची सहकलाकार लिलियन गिशने सांगितलंय. आपल्या नाटकवाल्यांना हा स्पिरिट गम चांगला ठाऊक आहे, दाढी-मिशा त्याच्यावरच टिकतात. तो मिशीलाच राहू द्या. घरातला झटपट चिकटणारा ग्लू तर डोळ्याच्या आसपास आणूच नका. त्याच्या छोट्या बाटल्या डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीसारख्या दिसतात, म्हणून औषधांच्या कप्प्यात त्या ठेवू नका.

नाचाच्या ग्रुपमध्ये एकच जोड तिघींनी वापरायचा प्रकार बंद करा. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळे येण्याची केवढी साथ पसरली होती ते आठवत असेल. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सहा-सात वर्षांच्या मुलींना लॅशेस लावायचा आग्रह धरणाऱ्या बाईंना पालकांनी सरळ नाही म्हणावं. ती मुलगी घामेजली की डोळे चोळणारच, आणि मागच्या रांगेतून तिच्या पापण्या कुणाला दिसत नाहीत.

घरी आल्यावर कितीही दमला असाल तरी पट्टी लावून झोपू नका. ओढूनही काढू नका, कारण घामाने फुगलेली पट्टी ओढली की तुमचेच केस मुळापासून येतात. कापसावर मेकअप रिमूव्हर घेऊन मिटलेल्या डोळ्यावर अर्धं मिनिट धरा, मग बाहेरच्या कोपऱ्यातून हलकेच सोडवा. एक्स्टेन्शन मात्र घरी काढायला जाऊ नका, ते पार्लरमध्येच काढून घ्या.

डोळ्यात ग्लू गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धूत राहा. पापण्या एकमेकींना चिकटल्या तर जोर लावून उघडू नका, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा गुलाबपाणी घालू नका. डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय किंवा पापणी सुजलीय, यातलं एकही असेल तर सकाळची वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ग्लूची ट्यूब सोबत घेऊन जा.