पाळण्यातले नाव आणि कागदावरचे नाव



या आठवड्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल लिहायचे ठरवले होते. पण दिवाळीत एका घरून निरोप आला आणि वाटले, ही हकिकत आधी सांगावी. घाटेअळी पुढच्या अंकात.

गेल्या चैत्रात मातीचे नमुने घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. त्या घरचा मुलगा मस्कतला ट्रक चालवतो. तीन वर्षे गावी आलेला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत बायकोला आणि नऊ वर्षांच्या मुलीला त्याने बोलावून घेतले होते. तिकिटेही काढून झाली होती. मी ओसरीवर टेकलो, तर घरात कोणी कोणाशी बोलेना. आजीबाई चहा पुढे ठेवत म्हणाल्या, "साहेब, सूनबाईच्या माहेरच्यांनी घोळ घातला बघा. पोरीचा पासपोर्ट अडला."

सून दाराशी उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले. मी कागद मागवले. शाळेत आणि आधारकार्डावर मुलीचे नाव 'शर्वरी'. जन्मदाखल्यावर 'सर्वरी'. आणि आईच्या रकान्यात तिचे माहेरचे नाव. लग्नात सासरी नाव बदललेले, तिचा स्वतःचा पासपोर्ट सासरच्या नावाचा. कागद शेजारी शेजारी मांडले, तर ती बाई त्या मुलीची आईच ठरेना! पासपोर्ट कार्यालयाने सांगितले होते, "कागद जुळवून आणा."

मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, माझं नाव चुकलंय का?"

मी म्हटले, "नाही बाळ. लिहिणाऱ्याचं चुकलंय."

आता चूक कोणाची, ते पाहू. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. जन्माची नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे, सासरच्या गावी नव्हे. खबर २१ दिवसांत द्यायची असते. बाळंतीण खाटेवर, बाप लांब. मग फॉर्म भरायला मामा पुढे होतो. त्याच्या तोंडी बहिणीचे माहेरचेच नाव असणार. बाराव्या दिवशी बारसे होते. बाळाचे नाव कोणीतरी तोंडी सांगते, कोणीतरी ऐकते, आणि 'श'चा 'स' होतो. दाखला घरी आला की पिशवीत घालून ट्रंकेत जातो. तो वाचला कोणी? माहेरच्यांनी नाही आणि सासरच्यांनीही नाही. मी आजीबाईंना हेच विचारले, "नऊ वर्षे दाखला तुमच्याच ट्रंकेत होता ना?" त्या गप्प राहिल्या. एकट्या सुनेला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

मामाला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, 'स'चा 'श' करायला किती वेळ? पेनाने करून टाकतो." बंधूंनो, असे चुकूनही करू नका. खाडाखोड केलेला दाखला कोणी धरत नाही आणि वर फसवणुकीचा संशय येतो. शेजाऱ्याने दुसरी युक्ती सांगितली, "शाळेतच 'सर्वरी' करून घ्या, म्हणजे जुळलं." तीही खोटी. खोडकिडा बुंध्यात असताना शेंडे छाटून काय उपयोग? मूळ नोंद दुरुस्त करायची आणि मग पुढचे कागद तिच्याशी जुळवायचे, हाच सरळ मार्ग.

तो मार्ग कायद्यातच आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १५ व्या कलमाने निबंधकाला चुकीची नोंद दुरुस्त करता येते. मूळ नोंद खोडायची नाही, तिला हात लावायचा नाही. समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही करतो आणि तारीख घालतो. एखादे अक्षर चुकले असेल, तर निबंधक चौकशी करून खात्री पटल्यावर दुरुस्त करतो. पण चूक मजकुराची असेल, म्हणजे आईचे नावच वेगळे पडले असेल, तर काय चुकले आणि खरे काय, हे माहीत असणाऱ्या दोन विश्वासू माणसांचे निवेदन लागते.

या घरी दोन्ही तऱ्हेच्या चुका होत्या. मुलीची आई माहेरी गेली. सोबत शाळेचा दाखला, मुलीचे आणि आईबापांचे आधार, लग्ननोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावे मिळून असलेली लग्नपत्रिका. मामा आणि बाळंतपणाला हजर असलेली शेजारची आजी, या दोघांनी निवेदन दिले. पहिल्या खेपेला निबंधक तालुक्याला गेलेले. दुसऱ्या खेपेला एक कागद कमी. असे करत काम झाले, पण तोवर जून उजाडला होता. मे महिन्याची तिकिटे फुकट गेली. मस्कतला बापाने ती सुट्टी एकट्याने काढली.

दुरुस्त दाखल्यावर मग पासपोर्ट झाला. दिवाळीत मायलेकी मस्कतला पोचल्या. निरोप होता तो हाच. आजीबाईंनीच फोन केला होता. म्हणाल्या, "साहेब, नातीनं बापाला ओळखलं बघा." पुढे थोडे थांबून म्हणाल्या, "सुनेला मी उगाच बोलले."

तेव्हा माझ्या माय-बहिणींनो, प्रवासाचे ठरो वा न ठरो, आज रात्री ट्रंक उघडा आणि मुलांचे दाखले एकापुढे एक मांडून वाचा. पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. मुलाचे, आईचे, बापाचे नाव आणि आडनाव मराठीत वाचा आणि इंग्रजीतही वाचा. पासपोर्टवर इंग्रजी अक्षरे येतात. इंग्रजी येत नसेल तर गुरुजींकडून वाचून घ्या. 'राव', 'बाई', 'साहेब' एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, हेही पाहा.

२. जन्मनोंदीत बाळाचे नावच नसेल, तर ते पुढे घालता येते. नोंदणीपासून १२ महिन्यांत फी लागत नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब फी भरून घालता येते.

३. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. अशा लेकरांचा दाखला पहिल्या दिवसापासून बिनचूक हवा.

४. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव आपल्या राज्यात मुलाचे नाव, आईचे नाव, बापाचे नाव आणि मग आडनाव असे लिहितात. थोरल्याच्या आणि धाकट्याच्या दाखल्यात हा फरक दिसला, तर ती चूक समजू नका.

५. शाळेच्या रजिस्टरात चूक असेल, तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज करा. दहावीच्या प्रमाणपत्रावर शाळेतलेच नाव जाते.

६. आधारवर नाव दोनदाच बदलता येते. म्हणून आधी जन्मनोंद दुरुस्त करा, आधार मागाहून.

७. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर तारीख घालून घ्या. नवा दाखला हाती आला की खिडकीपाशीच उभे राहून वाचा. दोन-तीन प्रती घेऊन ठेवा.

८. पासपोर्ट हाती पडून त्यावरचे नाव वाचून होईतो तिकीट काढू नका. तिकिटावरचे आणि पासपोर्टवरचे नाव एकच असावे लागते.

सातबाऱ्यावर नावात काना-मात्रा चुकली तर आपण तलाठ्याकडे दहा हेलपाटे घालतो, कारण जमीन आपली असते. मग लेकराच्या नावासाठी दोन हेलपाटे जड का वाटावेत? आणि ज्या घरी बारसे व्हायचे आहे, तिथे एवढे करा. नाव ठरले की कागदावर ठळक अक्षरांत लिहून मामाच्या हाती द्या. त्याखाली आईचे सासरचे नावही लिहा.

भेटू पुढच्या अंकात. तोवर हरभऱ्यात पक्ष्यांना बसायला काठ्या रोवून ठेवा. अळ्या वेचायचे निम्मे काम ते करतील, बाकीचे मी सांगतो.