उमरीची बँक आणि दोन फासे

गोष्ट सांगायची तर मध्ये फासे आणि नियम कशाला, हा सवाल भूमिका-खेळांबद्दल हमखास येतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकेक पात्र घेतात, एक जण सूत्रधार होतो आणि सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात, एवढाच हा खेळ. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये नियमांचा मोठा भाग मारामारीचा होता: वार लागला का, जीव किती उरला. पुढे काही खेळांनी खुद्द गोष्टीलाच नियम लावले आणि वाद पेटला. आक्षेपक म्हणतात, अशाने कल्पनेला वेसण बसते. शिवाय हा सगळा परका थाट, आपल्याकडे गोष्ट कशी मोकळी वाहते!

ही मोकळी गोष्ट यांनी ऐकली कुठे? रात्रभर देवीची आख्यानं सांगणारे गोंधळीच घ्या. नांदेड जिल्ह्यातल्या माहूरच्या रेणुकेचे गोंधळी रेणुराई, लातूरच्या शेजारच्या तुळजापूरच्या भवानीचे कदमराई. गोंधळात आधी चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, गावोगावच्या देवांना आवतण द्यायचं, मगच आख्यान. त्यातही मुख्य गोंधळ्याला मोकळं रान नसतं. साथीदार मध्येच शंका काढतो, फाटे फोडतो, आणि त्याला उत्तर देऊन कथा पुन्हा वाटेवर आणावी लागते. या बांधणीमुळेच मंडळी रात्रभर जागी राहतात. नियमाने कथा मरते, हे निदान मराठवाड्यात तरी कोणी म्हणू नये. अर्थात गोंधळात आख्यानाचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. भूमिका-खेळात तो सूत्रधारालाही ठाऊक नसतो, म्हणून फासा लागतो.

‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ (२०१०) या खेळात दोन साधे फासे टाकून बेरीज करतात. दहा किंवा वर आलं तर मनासारखं होतं. सात ते नऊ आलं तर काम होतं, पण किंमत मोजावी लागते. सहा किंवा खाली आलं की सूत्रधाराच्या हातात डाव जातो. फाशांच्या ३६ जोड्यांपैकी निर्भेळ यश फक्त ६ जोड्यांत आहे, किमतीचं यश १५ जोड्यांत. पात्राच्या गुणाचा एक मिळवला तर हेच आकडे १० आणि १६ होतात. म्हणजे पदरात बहुधा अर्धंच यश पडतं. मला हा नियम मनापासून पटतो. जुन्या पद्धतीत कुलूप उघडलं नाही की टेबल गप्प, पुन्हा फासा, पुन्हा गप्प. इथे कुलूप उघडतं आणि वाड्यातलं कुत्रं जागं होतं. गोष्ट थांबत नाही.

हा बोलघेवड्यांचा खेळ आहे, हा आक्षेप जास्त वजनदार. ‘मी वार करतो’ म्हणून फासा टाकणाऱ्या बुजऱ्या मुलाला ‘कसा करतोस?’ विचारलं की तो गांगरतो. खेळाने त्यावर उपाय ठेवला आहे: कित्येक चालींसोबत प्रश्नांची किंवा परिणामांची यादी असते, त्यातून निवडायचं. परीक्षांच्या कसून तयारीसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नच्या मुशीतून आलेल्या पोरांना पर्यायांवर खूण करायला कोणी शिकवायला नको! पण मग डोळे कागदावर खिळतात आणि समोरचा प्रसंग राहतो बाजूला. हा दोष खरा आहे, आणि तो सूत्रधाराच्या कौशल्याने झाकला जातो, जात नाही.

खरी कसोटी अवघड प्रसंगावर. उमरीची बँक घ्या. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातली ही बँक लढ्याच्या पैशासाठी लुटली. अशा धाडींसाठीच ‘ब्लेड्स इन द डार्क’ (२०१७) हा खेळ रचल्यासारखा वाटतो. त्यात तासन्‌तास बेत आखत नाहीत. बेताचा प्रकार ठरवायचा, एखादा तपशील द्यायचा आणि थेट दारात उभं राहायचं. पहारेकरी आडवा आला की खेळाडू म्हणतो, ‘याच्याशी मी परवाच ओळख काढली होती.’ मागचा प्रसंग तिथल्या तिथे रंगतो. त्यासाठी गरजेप्रमाणे ताणाची घरं भरावी लागतात. घरं एकूण नऊ. मंडनाची बाजू अशी, की पात्र मुरलेला कार्यकर्ता आहे आणि खेळणारा वसतिगृहातला पोरगा. पोराला सुचलं नाही म्हणून कार्यकर्ता मूर्ख का ठरावा?

कबूल. पण उमरीची गोष्ट तयारीतच जास्त आहे. निजामाच्या हद्दीबाहेरच्या कॅम्पात राहायचं, हद्द ओलांडायची, खबर फुटू द्यायची नाही, सोबतच्या माणसावर किती भरवसा ठेवायचा ते आधीच ठरवायचं. कालचा दिवस आज दुरुस्त करता येत असेल, तर ही भीती उरतच नाही. इथे मी आक्षेपकांच्या बाजूला आहे.

आणखी एक. गांधीजींची हत्या झाली तो उमरीच्या धाडीचाच दिवस. धाड घालणाऱ्यांच्या कुठल्याही चालीचा तो परिणाम नव्हता. कथाप्रधान खेळात संकट बहुतेक वेळा खेळाडूच्या फाशातून निघतं, त्यामुळे सगळं जग त्या चार पात्रांभोवती फिरू लागतं. याला उत्तर म्हणून पडद्यामागे एकेक घर भरत पुढे सरकणारी, कागदावरची घड्याळं या खेळांत असतात, हे मान्य. पण ती घड्याळंही बहुधा खेळाडूंवर चालून येणाऱ्या धोक्यांचीच मोजदाद करतात. दिल्लीत जे घडलं ते धोका नव्हता, शोक होता, आणि त्याला कुठलंच घर नाही.

मी उमरी खेळायला बसवली, तर दोन फासे ठेवीन, सात ते नऊची किंमतही ठेवीन. मागे जाण्याची मुभा प्रत्येकाला एकदाच देईन, तीही हद्द ओलांडण्याआधीच्या गोष्टींपुरती. आणि दिल्लीची बातमी फासा न टाकता सांगेन.