वाकळीचे तास कोण मोजणार?



ज्वारी हुरड्यात आहे, हरभरा घाट्यात आहे. ज्वारीवरच्या चिकट्याचं टिपण पुढच्या आठवड्यात टाकतो. आज वाकळीवर लिहितोय. शेतीच्या पानावर वाकळ कशाला, असं कुणी म्हणंल. शेवटपर्यंत वाचा, मग सांगा.

पंधरा दिवसांमागं आमच्या घरची नि तिच्या बचत गटातल्या तिघी एका शहरात हस्तकलेच्या प्रदर्शनाला माल घेऊन गेल्या. गठुडी उचलायला माणूस पाहिजे म्हणून मी बी गेलो. पाच दिवस स्टॉलच्या मागं स्टुलावर बसून होतो. आयुष्यभर आडत बाजारात माल घातला, पण विकणाऱ्याच्या मागं बसून घेणाऱ्याचं तोंड बघायची वेळ पहिल्यांदाच आली.

जायचं कारण सरळ होतं. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत आमचं सोयाबीन पाण्यात गेलं. रब्बीला हरभऱ्याचं बियाणं नि खत उधारीवर आणलं. घरात विकण्यासारखं काय होतं? बायकांनी उन्हाळ्यात शिवून ठेवलेल्या वाकळी. गटाच्या मिळून अकरा. जुनी लुगडी आत, वरनं नवं कापड, सगळा धावदोरा हातानं. मशीनचा एक टाका न्हाई.

पहिल्या दिवशी एक बाई आल्या. शिकलेल्या, बोलायला चांगल्या. वाकळीवर हात फिरवला, म्हणल्या, "किती सुंदर! आमच्या आजीकडं अशीच होती." फोटो काढला. मग विचारलं, "केवढ्याला, मावशी?" आमच्या घरची म्हणली, दोन हजार. त्या हसल्या. "मोबाईलवर नऊशेला येते हो. कमी करा की काहीतरी."

घरचीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. देऊन टाक म्हणलं. अठराशेला गेली. पुढच्या सगळ्या मग अठराशेलाच गेल्या, कारण शेजारच्या गिऱ्हाईकानं ऐकलेलं असतं. पाच दिवसांत सात विकल्या, चार परत आणल्या.

घरी आल्यावर मी माझी शेताची वही काढली. वीस वर्षं झाली, पेरणी, फवारणी, मजुरी, सगळं लिहितो. म्हणलं, एका वाकळीचा हिशोब मांडू. घरचीला विचारलं, एक वाकळ किती दिवसांत झाली? ती म्हणली, "वैशाखात दुपारची चार-चार तास बसायची मी. अठरा दिवस लागले."

अठरा चोक बहात्तर. बहात्तर तास.

आमच्याकडं खुरपणीला बाईची हजेरी ३०० रुपये आहे. जेवणाची सुट्टी सोडली तर काम सहा तासांचं. म्हणजे बहात्तर तास म्हणजे बारा हजेऱ्या, ३,६०० रुपये. वरचं कापड नि दोरा ६००. जाणं-येणं, जेवणखाण एका वाकळीच्या वाट्याला १५०. झाले ४,३५०. जुन्या लुगड्यांचे पैसे धरलेच न्हाईत.

विकली अठराशेला. त्यातनं कापड-दोरा नि प्रवास वजा केला तर हातात राहिले १,०५०. भागिले बारा. दिवसाला साडेसत्त्याऐंशी रुपये.

माझ्या रानात कुणी बाईला साडेसत्त्याऐंशी रुपयांत खुरपायला बोलावलं, तर गावात माझी काय शोभा होईल? पण माझ्याच घरात, माझ्याच बायकोला त्या भावानं राबवायला मीच मान हलवली होती.

घरचीला आकडा सांगितला. ती म्हणली, "दुपारचं बसूनच असती की मी. त्येचं काय धरायचं?"

मंडळी, या वाक्यावर मला बोलायचं आहे. हे वाक्य तिचं एकटीचं न्हाई. आपल्या सगळ्यांचं आहे. "घरचंच हाय, त्येचं काय धरायचं." घरचं शेणखत, घरचे बैल, घरचं बियाणं, घरच्या बाईची खुरपणी, म्हाताऱ्याची राखण. काहीच धरायचं न्हाई. आणि मग आपणच ओरडायचं की भाव परवडत न्हाई.

कृषी विभागातली जी मंडळी हे पान वाचतात त्यांना ठाऊक आहे, तरी बाकीच्यांसाठी सांगतो. कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो त्याच्या पायऱ्या आहेत. ए-२ म्हणजे खिशातनं गेलेला खर्च: बियाणं, खत, औषध, भाड्याची मजुरी, डिझेल. त्यात एफएल मिळवायचं, म्हणजे घरच्या माणसांची मजुरी. आणि सी-२ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड नि स्वतःच्या भांडवलाचं व्याज बी धरतात. २०२५-२६ च्या खरिपाला सोयाबीनचा ए-२ अधिक एफएल खर्च क्विंटलला ३,५५२ रुपये धरला नि त्याच्या दीडपट ५,३२८ हमीभाव जाहीर झाला. शेतकरी संघटना भांडतात ते यासाठी, की दीडपट सी-२ वर द्या. कारण मधे जे गळतं ते आपलंच असतं.

आता बघा. सरकारनं आपल्या घरच्यांचे कष्ट धरावेत म्हणून आपण मोर्चे काढतो. आणि वाकळ विकताना आपण एफएल सोडा, ए-२ वरच समाधान मानतो. कापड-दोऱ्याचे पैसे निघाले, वर हजार सुटले, म्हणजे "नफा झाला". तो नफा नव्हता. ती मजुरी होती, आणि ती बी पाव हिश्शाला थोडी वर.

कुणी म्हणंल, भाव जास्त सांगितला तर माल खपणारच न्हाई. खरं आहे. चार हजाराची वाकळ घेणारे थोडेच भेटतील. हा प्रश्न आजचा न्हाई. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी मला चरखा संघाची गोष्ट सांगितली. खादी स्वस्त ठेवायची तर सूत कातणाऱ्या बाईला दिवसाला अगदी किरकोळ पैसे पडायचे. गांधीजींनी हे धरून लावलं. त्यांचं म्हणणं होतं, आठ तास चोख कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत. १९३५ साली वर्ध्याला चरखा संघानं किमान मजुरीचा ठराव केला. आठ आणे काही देता आले न्हाईत, पण मजुरी वाढवली. खादी महागली, खप घटंल अशी भीती कार्यकर्त्यांना होती. तरी ठरलं ते हेच, की कातणारीच्या पोटाला चिमटा काढून गिऱ्हाईकाला स्वस्ताई द्यायची न्हाई.

मला त्यातली एक गोष्ट पटली. आधी मजुरी ठरवली, मग भाव. आपण उलटं करतो. गिऱ्हाईक भाव ठरवतं, त्यातनं खर्च जातो, जे उरंल ती आपली मजुरी. आडतीवर बी हेच, प्रदर्शनात बी हेच.

तरी एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. आडतीवर मी विचारतो, "काय भाव काढला?" प्रदर्शनात आमच्या घरचीला गिऱ्हाईकानं विचारलं, "केवढ्याला?" भाव सांगायची पहिली पाळी तिची होती. शेतकऱ्याला जन्मात हे मिळत न्हाई. ती पाळी तिला मिळाली नि आम्ही दोघांनी मिळून ती घालवली, कारण आकडा जवळ नव्हता. दोन हजार हा आकडा कुठून आला? शेजारच्या स्टॉलवर तेवढं सांगत होते म्हणून.

त्या शेजारच्या स्टॉलचं बी सांगतो. पाटीवर महिला गटाचं नाव, आत गोधड्यांची थप्पी. मी सहज उलटून बघितली. सगळ्या मशीनच्या टाक्याच्या, एकसारख्या, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या. विकायला दोन पोरं, ठोक बाजारातनं माल भरून आणलेली. त्यांना काय, दोन हजार सांगून हजाराला दिली तरी परवडतं. गिऱ्हाईकाला वाटतं सगळ्यांचंच असं आहे, दुप्पट सांगतात, पाडून मागायचं. हातानं करणारीचा भाव तिथं मरतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावानं बाहेरचा माल विकला जातोच. मग बिननावाच्या वाकळीला कोण राखणार?

सगळी प्रदर्शनं तशी न्हाईत हे मान्य. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात महालक्ष्मी सरस भरतं, उमेद अभियानाच्या गटांसाठी. पुण्यात भीमथडी जत्रा भरते. आपल्या भागातल्या कितीतरी बायकांनी अशा ठिकाणीच पहिल्यांदा स्वतःचा माल स्वतःच्या तोंडानं विकला. गल्ला स्वतःच्या कमरेला बांधून बसलेली बाई घरी आल्यावर वेगळी बोलते, हे मी बघतोय. तर प्रदर्शनं पाहिजेतच. पण तिथं करणाराच बसला पाहिजे, एवढी अट पाहिजे. सोपी पारख आहे. स्टॉलवर सुई-दोरा, चाक, माग, काहीतरी चालू ठेवा. ज्याला करून दाखवता येत न्हाई, त्यानं दुसऱ्या रांगेत बसावं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती लपवली तर वरचं सगळं लिहायचा मला अधिकार न्हाई.

हिशोब मांडून चार दिवस झाले असतील. तूर काढायची म्हणून दोन मोठी टोपली पाहिजे होती. शेजारच्या गावचे टोपल्या विणणारे मामा सायकलवर माल लादून आले. बांबूची दोन चांगली घट्ट विणीची टोपली. म्हणले, अडीचशेला एक. मी सवयीनं म्हणलं, "मामा, प्लास्टिकचं घमेलं दीडशेला येतंय. दीडशे घ्या नि दोन ठेवून जावा."

घरची ओसरीवर तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नि म्हणली, "आवं, त्या शहरातल्या बाईसारखंच बोलताव की तुमी."

मामा हसले. मला काही हसू आलं न्हाई. मामांना विचारलं, एका टोपल्याला किती वेळ जातो? म्हणले, बांबू फोडायला, सोलायला, विणायला धरून जवळजवळ दिवस जातो. बांबू आता विकत आणावा लागतो, तो वेगळा. म्हणजे अडीचशे हा भाव सुद्धा त्यांनी माझ्यासारख्यांना भिऊनच कमी सांगितला होता. मी दोन्हीचे पाचशे दिले. उपकार न्हाई केला. देणं होतं ते दिलं.

मंडळी, जत्रा आपल्याला नव्या न्हाईत. येरमाळ्याला येडाईची चैत्री यात्रा भरते, तुळजापूरला नवरात्र भरतं. परड्या, कवड्यांच्या माळा घेऊन माणसं बसलेली असतात. देवीपुढं आपण हात जोडतो नि बाहेर येऊन परडीवाल्याशी वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. पूर्वी बलुतं होतं, लोहार-सुतार खळ्यावर येऊन धान्य न्यायचे. त्यात जातीची बेडी होती, ते परत नकोच नको. पण रोख आली तेव्हा आपण फक्त वस्तूचा भाव करायला शिकलो. करणाऱ्याचा दिवस मोजायला कुणीच शिकलं न्हाई.

आणि त्याचा तोटा आपल्यालाच होतोय. आमच्या गावात आता भाता चालवणारा एकच लोहार राहिलाय. ट्रकच्या पाट्याचं खुरपं तो करतो ते चार हंगाम धार धरतं. बाजारातलं पत्र्याचं एका पावसात वाकतं. त्याचा पोरगा पुण्याला कंपनीत गेला. गेला ते बरोबरच केलं, इथं दिवसाची हजेरी पडत नव्हती. पण उद्या वखराच्या पासेला पाणी कोण पाजणार, हा प्रश्न माझा आहे, त्या पोराचा न्हाई.

म्हणून माझं म्हणणं एवढंच.

हातानं काही करणाऱ्या बायका-माणसांनी वही ठेवा. कापडाच्या पावतीबरोबर तास बी लिहा. आमच्या गटानं ठरवलंय, पुढच्या खेपेला प्रत्येक वाकळीला चिठ्ठी लावायची: "हातशिलाई, ७२ तास." भाव तीन हजाराच्या खाली न्यायचा न्हाई. त्यात बी पूर्ण हजेरी पडत न्हाई, हे माहीत आहे. पण कमी घेतलं तर किती कमी घेतलं हे तरी कळंल. नऊशेची ज्याला पाहिजे त्यानं खुशाल घ्यावी, थंडी ती बी भागवते. ज्याला एवढे पैसे जमत न्हाईत त्याच्यासाठी लहान लेकराची गोधडी करू. पण बहात्तर तास फुकट घालून मोठी वाकळ करायची न्हाई. त्यापरीस उन्हाळ्यात दुपारी झोपलेलं बरं.

शेतकऱ्यांनी लोहाराकडं, टोपलीवाल्याकडं मिरगाच्या आधीच मागणी नोंदवा नि थोडी उचल द्या. ऐन पेरणीत जाऊन घाई करायची नि वर भाव पाडायचा, हे बंद करा.

आणि कृषी सहायक, उमेदच्या ताई, जे कुणी वाचत असतील त्यांना विनंती. पिकाचा खर्च काढायचं प्रशिक्षण तुम्ही आम्हाला दिलं, चांगलं झालं. तेच गटातल्या बायकांना द्या. माल कसा मांडावा, पॅकिंग कसं करावं हे सगळे शिकवतात. स्वतःचा दिवस केवढ्याचा आहे, हे कुणी शिकवत न्हाई.

परत आणलेल्या चारांतली एक वाकळ मी काल रात्री पांघरली. रानात राखणीला गेलो होतो, थंडी कडक होती. इतकी वर्षं पांघरतोय, पण तिचे टाके कधी बघितले नव्हते. बॅटरीच्या उजेडात एका वितीत मोजायला लागलो, चाळिसाच्या पुढं गेलो नि सोडून दिलं.

तुमच्या घरात हातानं होणाऱ्या वस्तूला किती तास लागतात ते मोजा नि खाली लिहा. भाव नंतर बोलू.