आठ डोळ्यांचा हिशेब

सोमवारी ऑफिसात सगळ्यांचा एकच प्रश्न, 'काय मग, लाँग वीकेंडला कुठे?' कुणी गोवा केलेलं, कुणी दापोली. शेजारच्या क्युबिकलमधल्या मॅडम तर थेट बाली करून आलेल्या. मी म्हटलं, 'भंडाऱ्याला. कोळ्यांचे फोटो काढायला.' दोन सेकंद शांतता. मग एकाने विचारलं, 'तिथे कुठे आलाय कोळीवाडा?'

नाही हो. आठ पायांचे कोळी. दिवाळीच्या साफसफाईत आपण जाळ्यासकट झाडूने उडवतो ना, ते.

हे खूळ मला वर्षभरापूर्वी लागलं. मॅक्रो लेन्सची किंमत ऐकून आधी घाम फुटला होता. मग एका मित्राने सांगितलं, काही शे रुपयांची रिव्हर्स रिंग घे आणि कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स उलटी लाव. लावली. आणि काय सांगू राव! गॅलरीतल्या कुंडीतला तांदळाएवढा उडी मारणारा कोळी व्ह्यूफाइंडरमधून वाघासारखा माझ्याकडे बघत होता. ऑटोफोकस वगैरे विसरा. फोकसमध्ये येणारा पट्टा असतो जेमतेम अर्धा-एक मिलिमीटरचा, तेव्हा श्वास रोखायचा आणि अख्खं अंग सूतभर पुढे-मागे करायचं. नेम डोळ्यांवर धरायचा. डोळे शार्प आले तर बाकीचं धूसर चालतं. उलट झालं तर फोटो डिलीट. फ्लॅशचा उजेड मऊ व्हावा म्हणून मी पुढे श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण लावतो. ऑफिसातल्या प्रेझेंटेशनसाठीही मी कधी इतकी मेहनत घेतलेली नाही, हे आपलं तुमच्या-माझ्यात.

तर गांधी जयंतीला जोडून सुट्टी टाकली आणि मामाचं गाव गाठलं. पुण्याहून रात्रभर रेल्वेने नागपूर, तिथून लाल डब्याने भंडारा, मग लाखनीच्या पुढे. जाताना वाटेत कोका अभयारण्याची सफारीही उरकली. कोका २०१३ साली अभयारण्य झालं आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेलं. वाघ दिसला नाही. एका वाकड्या झाडापाशी तळहाताएवढ्या काळ्या-पिवळ्या कोळ्याचं भलंथोरलं जाळं दिसलं, पण जिप्सीतून पाय खाली ठेवायचा नाही हा नियम. बरोबरच आहे तो. मात्र कोळ्यावाल्या माणसाने पैसे देऊन जंगलात जाऊ नये, हे मला तिथेच कळलं. त्याचा कोळी धुऱ्यावर असतो.

धुरा म्हणजे शेताचा बांध. आणि बांधी म्हणजे धानाचा एकेक तुकडा. पुण्यात 'बांध' म्हटलं की आपल्याला भांडण आठवतं, इकडे शब्दांची अशी अदलाबदल आहे. मामा निवृत्त मास्तर, तीन एकर धान. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंगातून मुंगी बघायला शिकवली ती त्यांनीच. आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला त्रास आहे. समोरचं नेमकं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. त्यामुळे ते आपल्याशी बोलताना आपल्या कानाकडे बघतात. मला हे फोनवर माहीत होतं. समोर बसल्यावर वेगळं वाटलं.

जेवण झाल्यावर मामांनी एक शाळेची जुनी वही काढली. तारखा, बांधीचं नाव, आकडा. वर्षानुवर्षांच्या भाद्रपद-आश्विनाच्या रात्री. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची.

'हे कोळ्यांचे आकडे आहेत बापू,' मामा म्हणाले. 'आता मले दिसत नाही.'

गोष्ट अशी आहे. धानाला तुडतुडे लागतात. बुडख्याशी बसून रस पितात आणि वाढले तर शेतात जळाल्यासारखे गोल पट्टे पडतात. या तुडतुड्यांना खाणारा पहिलवान म्हणजे लांडगा कोळी. तो जाळं विणत नाही. चुडाच्या बुडाशी फिरतो, पाण्यावरून पळतो आणि झडप घालतो. त्याच्या डोळ्यांमागे मांजरासारखा आरशाचा थर असतो. कपाळाला टॉर्च लावून बघितलं की अंधारात हिरवट ठिणग्या चमकतात. मामा धुऱ्याने वीस पावलं चालत, ठिणग्या मोजत आणि मग फवारायचं की थांबायचं ते ठरवत. दिवसा चुडावर थाप मारून पाण्यात पडलेले तुडतुडे मोजायचे ते वेगळंच. चुडामागे दहाच्या आत असले आणि कोळी भरपूर असले तर पंपाला हात लावायचा नाही.

हा काही मामांचा घरगुती जावईशोध नाही. इंडोनेशियात फवारण्या वाढल्या तसे तुडतुडेही वाढले, कारण औषधाने आधी मेले ते कोळी. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर एका फटक्यात बंदी घातली होती.

पण घरात वाद चालू होता. माझ्या मामेभावाचं, म्हणजे दादाचं म्हणणं, यंदा शेजाऱ्याने फवारलं, आपणही उद्या फवारू. कर्ज त्याच्या नावावर आहे, बोलायचा हक्कही त्याचाच. 'बाबांच्या वहीवर बँक हप्ता माफ करते का?' तो मला बाजूला घेऊन म्हणाला. यावर माझ्याकडे काय उत्तर असणार? मी ईएमआयवर कॅमेरा घेतलेला माणूस.

रात्री नऊला आम्ही निघालो. गमबूट, हातात काठी (सापांसाठी, आपटत चालायचं), कपाळाला टॉर्च. मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. शेजाऱ्याच्या फवारलेल्या बांधीत वीस पावलांत तीन ठिणग्या. मग मामांची मोठी बांधी. मी मोजत गेलो. सव्वीस.

'किती?' मामांनी विचारलं. खांद्यावरचा हात जरा घट्ट झाला.

आणि मी म्हणालो, 'चाळीस.'

का म्हणालो? माहीत नाही. ऑफिसात रिपोर्टमधला आकडा बॉसच्या चेहऱ्याकडे बघून गोल करायची सवय असते, तसंच काहीतरी. मामा फक्त 'हं' म्हणाले.

त्याच धुऱ्यावर, कॅमेरा बाहेर काढल्यावर, ती दिसली. लांडगा कोळ्याची मादी आणि तिच्या पाठीवर पिल्लांचा ढीग. ही मादी अंड्यांची पिशवी आधी पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते आणि पिल्लं बाहेर आली की सगळी पाठीवर चढतात. मी चिखलात गुडघे टेकले. मध्ये एक गवताची पात येत होती. ती हलकेच बाजूला करायला गेलो आणि बोट मादीच्या पायाला लागलं. दहा-पंधरा पिल्लं पाण्यावर सांडली. ती पळाली नाही. तिथेच थांबली. मीही थांबलो, टॉर्च तिरका करून. एकेक पिल्लू तिच्या पायांवरून परत चढायला लागलं. सगळी चढली का? सांगता येत नाही, मध्येच ती चुडात शिरली.

'घाई कायले करतं बापू?' मागून मामा म्हणाले. त्यांना दिसलं काहीच नव्हतं, माझी चुळबुळ ऐकूनच ओळखलं असावं.

रात्री झोप लागेना. पहाटे उठून एकटाच गेलो. धानावर दव, दोन पात्यांमध्ये जाळी मोत्यांनी लगडलेली, पात्याला समांतर पाय ताणून काडीसारखे पडलेले लांबट कोळी. एरवी मी वेडा झालो असतो. पण मी चुडांवर थापा मारत तुडतुडे मोजत होतो. मधल्या भागात चार, सहा, तीन. नाल्याकडच्या कोपऱ्यात मात्र अठरा, बावीस, आणि तिथे पातं पिवळं पडायला लागलं होतं.

चहाच्या वेळी मी दादासमोरच सांगून टाकलं. रात्री सव्वीस होते, चाळीस नाही. आणि कोपऱ्यात तुडतुडे आहेत.

मामा हसले. 'चाळीस असते तर तू मोजता मोजता ओरडला असता. सव्वीस बी वाईट नाही. पण कोपरा सांगितला ते बरं केलं.'

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग कोपरा स्वतः बघून आला. शेवटी नाल्याकडची पट्टी फवारायची आणि बाकीच्या बांधीला आठ दिवस थांबायचं ठरलं. हे त्याला पूर्ण पटलं होतं असं मी म्हणणार नाही. पंप उचलताना तो म्हणाला, 'आठ दिवसांनी कोण मोजणार? तू तर पुण्याला.' म्हणून निघायच्या आदल्या रात्री त्याच्या कपाळाला माझा टॉर्च बांधला. पहिल्या पाच मिनिटांत तो म्हणाला, हे तर दवाचे थेंब आहेत. मग एक थेंब पळाला.

आता शहरातल्या मंडळींसाठी. यासाठी भंडाऱ्यालाच जायला हवं असं नाही. २६/११ ला कसाबला सोडलं नाही त्या तुकाराम ओंबळेंचं नाव ज्या कोळ्याला दिलंय, तो 'आयसियस तुकारामी' संशोधकांनी २०२१ साली जगापुढे आणला, आणि तो सापडला ठाणे-कल्याणकडे. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांवर जाती नोंदल्या गेल्यात. सोसायटीच्या हिरवळीवर रात्री टॉर्च कपाळाला लावून बघा. वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर प्रश्न येतात. जाळं तोडू नका, आणि पात बाजूला करायची असेल तर आधी पायांकडे बघा.

निघायच्या दिवशी मादीचा फोटो लॅपटॉपवर उघडला. तसा बरा आलाय, पिल्लं किंचित धूसर. मामा स्क्रीनला नाक लावून, मान तिरकी करून बसले. मी झूम करत गेलो, अख्ख्या स्क्रीनभर फक्त चेहरा येईपर्यंत. त्यांनी बोट काचेवर ठेवलं. खालच्या ओळीत चार बारके. वर दोन मोठे. त्यांच्या मागे दोन.

'आठ,' मामा म्हणाले, आणि वही मागितली.