लाल वायर न्यूट्रल आहे

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चंच आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण हा विषय मेसच्या भाजीइतकाच आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून लिहिते.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही चौघी रूममेटच्या काकांकडे काशीदला गेलो होतो. समुद्र, सुरूची झाडं, काकूंची सोलकढी, सगळं यथासांग झालं. पण खरं काम वेगळंच होतं. काकांच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तळाला जातं, पंप कोरडा फिरतो आणि वाइंडिंग जळतं. त्यावर उपाय म्हणून आम्ही मिनी प्रोजेक्टमध्ये एक कंट्रोलर बनवला होता. तो बसवायचा होता.

बसवला. एलईडी लागला. पंप ढिम्म!

आता थोडं मागे जाते. सर्किट आम्ही कायकॅडमध्ये काढलं होतं. सबमिशनच्या आदल्या रात्री एक रेझिस्टर बदलायचा होता. हाताने कोण करणार, म्हणून नेटवरून एक छोटं टूल उतरवलं आणि एआय एजंटला कामाला लावलं. अशा टूल्सची सध्या लाटच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी नावाची पद्धत जाहीर केली, तेव्हापासून एजंटच्या हातात कुठलंही सॉफ्टवेअर देणं फार सोपं झालंय.

एजंटने जुना रेझिस्टर काढला, नवा ठेवला आणि 'काम झालं' म्हणून सांगितलं. आम्ही खूश!

घोळ असा झाला. कायकॅडच्या फाइलमध्ये वायर आणि सिम्बॉल हे वेगवेगळे लिहिलेले असतात. अमुक पिन तमुक वायरला जोडली, असं कुठेही लिहिलेलं नसतं. दोघांचे आकडे तंतोतंत जुळले तरच जोडणी. आकडे मिलिमीटरमध्ये असतात आणि नेहमीची जाळी १.२७ मिलिमीटरची. आमची वायर होती १००.३३ वर. एजंटने गोल आकडा बघून रेझिस्टर ठेवला १०० वर. स्क्रीनवर दोन्ही चिकटल्यासारखे दिसतात. पण ट्रान्झिस्टरचा बेस लटकलेला, रिले उचलणार कसा?

टूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये काय होतं? 'सिम्बॉल ठेवा. एक्स, वाय द्या.' संपलं. एकक नाही, जाळी नाही, वायर आपोआप जोडली जात नाही हेही नाही. आपण माणसं निदान स्क्रीनकडे बघून शंका घेतो. एजंटला बहुतेक वेळा टूलचं वर्णन हेच डोळे. ते वर्णन जसंच्या तसं त्याच्यापुढे जातं आणि त्यावरूनच तो ठरवतो. म्हणजे डॉक्युमेंटेशन आता सर्किटचाच एक भाग झालाय.

कुणी म्हणेल, ईआरसी का नाही चालवलं? बरोबर आहे, आमचीच चूक. चालवलं असतं तर तुटलेली पिन लगेच दिसली असती. रिलेची चाचणीही घाईत राहिली. पण १० किलोओमच्या जागी १ किलोओम पडला, तर ईआरसी गप्पच बसणार ना?

आता काशीदची गोष्ट पुरी करते. बिघाड शोधायला मी स्टार्टरची पेटी उघडली. झाकणाच्या आतून मार्करने लिहिलं होतं: 'लाल वायर न्यूट्रल आहे. फसू नये.' काकांना विचारलं, तर म्हणाले, "अगं, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं ना, त्यानंतर वायर मिळत नव्हती. वायरमनने हाताला आली ती जोडली. पण लिहून ठेव म्हटलं, तर लगेच लिहिलंन."

मी लालला फेज आणि काळ्याला न्यूट्रल धरूनच हात घालणार होते. त्या दोन वाक्यांनी मला वाचवलं. नंतर मेन स्विच बंद केला, बोर्डवर एक तार डागली आणि पंप चालू झाला.

वायरमनने पेटी कशी उघडावी हे लिहिलं नाही. पुढचा माणूस कुठे फसेल, तेवढंच लिहिलं. टूलच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हेच हवं: एकक कोणतं, टूल काय करत नाही, बदल मागे घेता येतो का, कायकॅडमध्ये फाइल उघडी असताना मागून बदलली तर काय होतं.

आणि आपण काय करतो? व्हायवाच्या आदल्या रात्री सीनियरचा रिपोर्ट आणून नाव बदलतो! सरांना आणि मॅडमना विनंती आहे, प्रोजेक्टच्या मार्कांत यासाठी वेगळे मार्क ठेवा. ज्युनियरने फक्त तो कागद वाचून बोर्ड चालू करून दाखवला, तरच पूर्ण मार्क. आणि कागद मराठीतही असू दे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने कायकॅड आणि एनजीस्पाइस एकत्र करून ई-सिम बनवलं, तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे कितीतरी धडे मराठीत आहेत. मग आपल्याला एक पान जड का व्हावं?

आमच्या कंट्रोलरच्या डब्यात आता मीही एक चिठ्ठी चिकटवली आहे. मराठीत. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत म्हणे. पण काकांना कळते.